आत्याच्या हातचं न्हाणं

चिंचवड गावात आम्ही खोली बघायला गेलो, त्या दिवशी घरमालकिणीनं मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, घरात माणसं किती तेही विचारलं नाही. ती म्हणाली, "मागं फीर." मी फिरले. तिनं पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि माझ्या कानामागे असं खसाखसा पुसलं, की कान जागेवर आहे का हे मी हात लावून पाहिलं. मग तिनं पदर उजेडात धरला. "चालंल," ती म्हणाली, "आता ह्येला बघू."

ह्येला म्हणजे माझ्या नवऱ्याला. हे दापोडीच्या वर्कशॉपात कामाला होते, कोपरापर्यंत काळं तेल मुरलेलं. तिनं कनवटीची वजरी काढली. टाचा घासायचा तो खरखरीत दगड ती चंची बाळगावी तसा कायम जवळ बाळगायची. भर अंगणात ह्यांचं मनगट धरून तिनं कोपर लाल होईपर्यंत घासलं. हे गुपचूप उभे. मी कोकणातून नवीनच आलेली, लग्नाला वर्षही झालेलं नाही, आणि एक परकी बाई माझ्या नवऱ्याला भांड्यासारखं घासत होती. मला हसू येईना, रडू येईना. खोली मिळाली. भाड्याची मात्र ह्यांनाच आठवण करून द्यावी लागली.

सगळं गाव तिला आत्या म्हणे. ती कुणाची सख्खी आत्या होती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. जुन्या घरातली बाई, नदीकडेला मळा होता, दारात बैल होते. काम करायची तिला काही गरज नव्हती. पण गावात मूल जन्मलं की त्याला आणि त्याच्या आईला न्हाऊ घालायला आत्याच जायची. बोलावणं आलं तरी जायची, न आलं तरी जायची. एका घरात सासूनं हौसेनं आपल्या नातवाला स्वतःच न्हाऊ घातलं. आत्या पोचली तेव्हा पोर दुपट्यात गुंडाळून झोपलेलं होतं. तिनं त्याला सोडलं, उठवलं आणि पुन्हा पहिल्यापासून न्हाऊ घातलं. सासू बघत राहिली.

तिला हे करताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बघवेना. लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून, पाय लांब करून ती पाटावर बसली. नडगीवर पोर पालथं टाकलं. मग तेल, मग डाळीचं पीठ, मग कढत पाणी. एवढ्याशा जिवाचे पाय डोक्याला लावायची, हात पाठीमागे नेऊन पिळायची, नाक चिमटीत धरून वर ओढायची. पोर काळंनिळं होऊन किंचाळत होतं. मी म्हटलं, "आत्या, अहो, त्याला जरा दम तरी घेऊ द्या." तिनं वरही पाहिलं नाही.

"पानी काय कुनाला इचारून पडतं व्हय?" हे तिचं ठरलेलं उत्तर. आणि त्याच्या जोडीला आणखी एक, "रडू दे गं. रडनारं पोर कवा दगावत न्हाई. न रडनाऱ्याचं भ्या वाटतं मला."

पोर मग धुरी घेऊन जे झोपायचं ते दिवे लागेपर्यंत. आयांना तेवढी सवड सोन्यासारखी. त्यामुळे आत्याच्या हाताला कुणी नावं ठेवत नव्हतं. सकाळच्या प्रहरी गल्लीत पोर किंचाळलं की बायका म्हणायच्या, चला, आत्याचं न्हाणं सुरू झालं.

मोठ्या माणसांचीही तिच्यापुढे तीच गत. एकदा देवळात बाहेरगावचे कीर्तनकार बुवा आले होते. कीर्तन संपलं, लोक पाया पडायला रांगेनं गेले. आत्याची पाळी आली, ती वाकली आणि उठेचना. सगळ्यांना वाटलं, आत्याला भरून आलं. दोघीतिघींनी तर डोळ्यांना पदर लावला. बुवांचा चेहरा मात्र हळूहळू बदलायला लागला. मग मागच्या कुणीतरी वाकून पाहिलं, तर आत्या बुवांच्या टाचा वजरीनं घासत होती. "देव भेटंल तवा भेटंल," ती उठता उठता म्हणाली, "आदी भेगा भरा." ते बुवा नंतर आमच्या गावी आले नाहीत.

मला दिवस गेले तेव्हा हे सगळं मी पाहून चुकले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण माझी आई माझ्या लहानपणीच गेलेली. माहेरी वडील आणि भाऊ, दोघांनाही धड भात टाकता येत नव्हता. तेव्हा बाळंतपण इथेच आणि आत्याच्या हाती, हे कुणी न बोलताच ठरून गेलं. मी भीत होते, पण आपल्या माणसांशिवायच्या गावात ती हक्कानं जवळ येणारी एकटीच होती, म्हणून मनाला समजावत होते.

दिवसभर मी एकटी असते म्हणून ह्यांनी चाकणच्या बाजारातून एक राघू आणला. पिंजऱ्यासकट. विकणाऱ्यानं त्याला कसं हाताळलं होतं देव जाणे, शेपटीची पिसं तुटलेली, आणि हात दिसला की तो पिंजऱ्याच्या पलीकडच्या सळयांना जाऊन चिकटायचा. मिरचीसुद्धा माझी पाठ वळल्यावर खायचा. पाण्याचा तर त्यानं धसकाच घेतलेला. शेजारणीनं धुणं झटकलं आणि चार थेंब उडाले तरी आकांत. मला त्याची फार माया लागली. परक्या गावात धास्तावून बसणं काय असतं ते मला ठाऊक होतं.

त्याला अंगाला खाज सुटली होती. सारखा चोचीनं पिसं कोरायचा. आत्या एक दिवस पिंजऱ्यापुढे उभी राहिली.

"ह्यो न्हातो का?"

"नाही आत्या, भितो पाण्याला."

मी त्याला उपाशी ठेवते असं सांगितलं असतं तरी तिचा चेहरा इतका पडला नसता. "म्हंजी आनल्यापास्नं पारोसाच?" एवढंच बोलून ती गेली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

डोहाळजेवण होऊन गेलं होतं. मी नदीवरून धुणं घेऊन सावकाश परत आले, तर पिंजरा उघडा. अंगणात आत्या पाटावर बसलेली, पाय लांब केलेले, नडगीवर माझा राघू. शेजारी तेलाची वाटी, डाळीचं पीठ, वाफाळतं घंगाळ. हिरवा राघू तेलानं काळा झाला होता. त्याचा एक पंख ताणून ती मुळापासून टोकापर्यंत तेल जिरवत होती, अगदी मन लावून, बाळाच्या हाताला जिरवते तसं. माझ्या हातातली बादली खाली पडली. पाखराला कुणी तेल लावतं का? पण तिच्या जन्मात अंगाला आधी तेल न लावता कुणी न्हायलंच नव्हतं.

मी काही बोलायच्या आत तिचेच हात थांबले. तिनं राघूचं डोकं अंगठ्यानं वर केलं. डोळे अर्धे मिटलेले, चोच उघडी, छाती नुसती लकलकत होती. आवाज नाही. चार थेंबांना आकांत करणारं पाखरू तिच्या मुठीत गप्प पडलं होतं.

"ह्यो रडत का न्हाई?" आत्या म्हणाली. तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. आत्याला घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून मी जास्तच हबकले.

मी राघूला ओढून घेतलं, जुन्या धोतरात गुंडाळलं, शेगडीपाशी धरून बसले. पोटातलं मूल लाथा मारत होतं. आत्या दारात आली तेव्हा मी बोलले. मोठ्यानं बोलले, गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आत्या, माझं मूल मी तुमच्या हातात देणार नाही."

गावात हे तिला कुणी बोललं नव्हतं. बायका आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आता आत्या काय करते, मला खोलीबाहेर काढते की काय, म्हणून सगळ्या श्वास धरून होत्या. आत्यानं आपले तेलकट हात पाहिले, उलटे केले, पुन्हा पाहिले, आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी गावाला दुसरा धक्का बसला. वरच्या आळीतून एक सासू बोलवायला आली. घरी नवं पोर होतं. आत्यानं सांगितलं, "न्हाई येत." सासूला वाटलं, बरं नाही. तर आत्या म्हणाली, "हात बिघडलाय माजा." वजरी तिनं तुळशीकट्ट्यावर ठेवून दिली होती. टपाल घेऊन येणाऱ्या पोस्टमनची टाच तिच्यासमोरून गेली आणि तिनं पाहिलंही नाही. तो बिचारा दोनदा मागे वळून बघत गेला.

राघू जगला, पण त्याला जगणं म्हणावं असं काही नव्हतं. नुसत्या पाण्यानं तेल निघेना. पिसं एकमेकांना चिकटलेली, उन्हात ठेवला तरी काकडायचा. चोचीनं तेल काढायला बघायचा आणि त्यापायी पिसं उपटायचा. हे म्हणाले, "वर्कशॉपात आम्ही घासलेटनं तेल काढतो." ह्यांचा हेतू चांगलाच होता. पण मी असं बघितलं की हे डबा घेऊन निमूटपणे शिफ्टला गेले. राघूला पुन्हा नीट धुतल्याशिवाय गत नव्हती, आणि धुवायला हात पुढे केला की तो उताणा पडून धापा टाकायचा. आता धरला तर भीतीनंच मरेल हे मला दिसत होतं. नाही धरला तर थंडीनं. मी बसून रडायची.

अशाच एका दुपारी दाराशी सावली पडली.

"आत येऊ का?"

मी चमकून वर पाहिलं. आत्या होती. घर तिचं, खोली तिची, उंबरा तिच्या आजेसासऱ्यानं बसवलेला. आजवर ती कुणाच्याही घरात वाऱ्यासारखी शिरत आलेली. ती उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून मला विचारत होती. मी नुसती मान हलवली.

"भ्या म्या घातलंय," ती म्हणाली, "म्याच काढीन. तू म्हनलीस तर. न्हाई म्हनलीस तर जाते."

मी म्हटलं, "हात लावायचा नाही."

"न्हाई लावत."

ती पिंजऱ्यापासून लांब, भिंतीशी बसली. हात मांडीवर उघडे ठेवलेले. ते हात तिनं राखेनं घासून आणले होते, तेलाचा वास जावा म्हणून. आणि नुसती बसली. मी आत्याला रिकामं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. जेवतानासुद्धा ती पानाभोवतीची जमीन पुसत जेवायची. तिन्हीसांज झाली तशी ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. "येऊ का?"

असे बरेच दिवस गेले. ती रोज थोडी पुढे सरकून बसायची. राघू अंग चोरून, पिसं आवळून ताठ झाला की तितकीच मागे. मला ते आधी कळलंच नाही. एकदा मी म्हटलं, "आत्या, आज मागे का सरकलात?" तर म्हणाली, "त्यो न्हाई म्हनला." ती हे इतक्या सहज बोलली की माझ्या अंगावर काटा आला. जन्मभर किंचाळणारी पोरं जिला ऐकू आली नाहीत, तिला एका पाखराचं आवळलेलं पीस ऐकू येत होतं.

मग एकदा सकाळीच ती मळ्यातून आली. ओच्यात दहिवरानं ओलीगच्च कोथिंबीर. "अगं, पाखरं काय घंगाळात न्हात्यात व्हय?" ती स्वतःवरच चिडलेली होती. "पहाटं पिकात न्हात्यात. पानाला अंग घासत्यात. रोज बघते म्या, डोळं फुटल्यावानी!" मग माझ्याकडे बघून, "बांधू का?" मी हो म्हटलं. तिनं जुडी सळीला बाहेरूनच अडकवली आणि भिंतीशी जाऊन बसली.

राघूनं आधी लांबून पाहिलं. मग एक पाय पुढे. मग एक पान ओढलं, टाकलं. मग एकाएकी तो त्या ओल्या पाल्यात मान खुपसून असा घुसळायला लागला की आम्हा दोघींच्या तोंडावर थेंब उडाले. आत्यानं ते पुसले नाहीत. ती रडत होती. मीही.

त्यानंतर रोज ओला पाला. मग रिठ्याचं पाणी, अगदी पातळ, पाल्यावर शिंपडलेलं, आणि मागोमाग साध्या पाण्यात भिजवलेला दुसरा पाला. मग पिंजऱ्यात उथळ ताटली. मग एक दिवस ताटली नाही, आत्याची ओंजळ. पिंजऱ्याच्या दारात कोमट पाण्याची ओंजळ धरून ती बसली, आणि तिचे हात भरून आले, दंड लटपटायला लागले, पाणी गळून जायचं, मी पुन्हा घालायची. पाण्याचा तांब्या कोमट राहावा म्हणून मी शेगडीशी येरझाऱ्या घालत होते, पोट सावरत. राघू दारापर्यंत यायचा आणि फिरायचा. आत्या तोंडानंसुद्धा बोलवत नव्हती.

तो आला. एक पाय तिच्या अंगठ्यावर ठेवला, थांबला, तिच्याकडे मान वाकडी करून पाहिलं, आणि ओंजळीत उतरला. पंख फडफडवून मनसोक्त न्हायला. ज्या हातांनी त्याला मुठीत आवळलं होतं त्याच हातांत. आत्यानं बोटं मिटली नाहीत. मी तांब्या खाली ठेवला.

पिसं पुरती उजळायला पुढे बराच काळ लागला. जी वाया गेली ती गळून नवी आली. पण तो काकडायचा थांबला आणि मिरची मागायला लागला.

एवढं झालं तरी आत्यानं माझ्या बाळंतपणाचा विषय काढला नाही, आणि मीही नाही. वरच्या आळीतल्या घरीही ती गेली नाही. वजरी तुळशीकट्ट्यावरच होती. मला मुलगी झाली, सुईण आपलं काम करून गेली, तेव्हा आत्या अंगणात पाणी तापवत बसली होती. लाकडं सारत होती, पाणी आत पाठवत होती. उंबरा ओलांडला नाही तिनं. पोरीला पहिलं पुसून काढलं तेही सुईणीनं. मग प्रश्न आला रोजच्या न्हाण्याचा. समोरची शेजारीण म्हणाली, "मी घालते गं." मी पोरीला छातीशी धरून पडले होते. त्या दिवशीचा तेलानं काळा झालेला, गप्प पडलेला राघू डोळ्यांपुढून जात नव्हता. आणि ती उघडी ओंजळही जात नव्हती. आईविना वाढलेल्या बाईला अशा वेळी विचारायलाही कुणी नसतं.

मी ह्यांना म्हटलं, "आत्यांना बोलवा."

ती दारात आली. "येऊ का?" म्हणाली. मी पोरीला पुढे केलं. आत्यानं हात पदराला पुसले आणि तिला घेतलं.

बातमी कशी पसरली कोण जाणे, बायका दाराशी जमल्या. राघूनंतर आत्यानं हात लावलेलं पहिलं पोर, तेही माझं. आता घर दणाणणार, अशा तयारीनं सगळ्या उभ्या. आत्यानं पाय लांब केले, पोरीला नडगीवर उताणी निजवली. तेलाचा हात अलगद फिरवला आणि थांबली. मग एका तळव्यात कोमट पाणी घेतलं आणि तो तळवा पोरीच्या पायाशी नुसता धरून ठेवला. लावला नाही.

शेवटी समोरची म्हणाली, "आत्या, झालं काय? पानी निवतंय."

"थांब गं," आत्या म्हणाली. "इचारतीया."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आत्याला काय झालं हे त्यांना कुणालाच कळेना. पाणी निवलं, तिनं ते टाकून दुसरं घेतलं. पोरगी डोळे उघडे ठेवून गप्प पडली होती. मी कोपरावर उठले. आत्यानंही माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींना एकच आठवत होतं.

तेवढ्यात पोरीनं पाय झाडला. टाच सपकन पाण्यात पडली. पाणी उडालं. तिनं पाय वर घेतला आणि पुन्हा त्यातच टाकला.

"व्हय म्हनली," आत्या म्हणाली, आणि तिनं पहिला तांब्या ओतला.

दुपारी पोरगी निजलेली असताना गल्लीच्या टोकाला राहणारी, डोळ्यांनी अधू झालेली म्हातारी काठी टेकत आली. सकाळपासून कान लावून बसले होते म्हणाली. मग काळजीच्या सुरात मला विचारलं, "पोरीला आज न्हाऊ घातलं न्हाई व्हय गं? रडल्याचा आवाज कसा आला न्हाई?"